दिवाळीच्या सुट्टीत इमॅजिका : एक सहा वर्षांची, एक तीन वर्षांचा आणि सासूबाईंचे गुडघे

परळची_पोर
मंडळी, मदत हवीये. नवऱ्याने परवा भर जेवणात जाहीर करून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं, तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की "आज का?" सुरू. लेक सहाची, मुलाला नुकतीच तीन पूर्ण झाली. बरोबर सासूबाई (गुडघे दुखतात, पण मला घरी ठेवून गेलात तर बघा असा दम आधीच मिळालाय), नणंद, तिचे मिस्टर आणि त्यांचा दहा वर्षांचा मुलगा. आठ डोकी, दोन गाड्या, परळहून निघणार. नवऱ्याचं म्हणणं एवढं लांब जातोच आहोत तर थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही एका दिवसात उरकू, पहाटे निघू आणि रात्री परत. मला हे ऐकूनच दमायला होतंय. पिल्लू अजून दुपारी झोपतं, झोप नाही मिळाली तर संध्याकाळी जो तमाशा होतो तो आख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे. तर लहान मुलांना घेऊन जाऊन आलेल्यांनी सांगा, तीन वर्षांच्या मुलाला तिथे खरंच काही करता येतं का की नुसतं कडेवर घेऊन फिरायचं? आणि सासूबाईंचं काय करू?

दोनपोरांचाबाप
सगळ्यात आधी घरातली टेप काढा. तिकडे सगळा कारभार उंचीवर चालतो, वयावर नाही. लहानाचं तिकीट की मोठ्याचं तेही उंचीवर, आणि राइडच्या तोंडाशी पट्टी असते तिथे पुन्हा मापतात. तिन्ही पोरांना अनवाणी भिंतीला टेकवून मोजा आणि साइटवरच्या चार्टशी ताडून बघा.
तुमच्या पिल्लापेक्षा मला नणंदेच्या मुलाची काळजी वाटतेय, कारण दहाव्या वर्षी पोरं नेमकी काठावर असतात. वर्गातल्या कुणीतरी नायट्रोच्या (तिथलं मोठं रोलर कोस्टर) फुशारक्या मारलेल्या असतात, हा रांगेत उभा राहतो आणि पट्टीपाशी दोन बोटं कमी पडतात. आमच्या पुढच्या एका पठ्ठ्याने टाचा उचलल्या, केस फुगवले, आई बाजूने "अहो आहे हो तेवढा", पण दारावरच्या मुलाने काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून टाचा खाली टेकवल्या. बरोबरच आहे त्याचं, तो खांद्यावरचा बार ठरावीक मापाच्या अंगासाठी बनवलेला असतो, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आकडा त्याला घरीच सांगून टाका, रडायचं ते सोफ्यावर रडून होईल.

ठाणेकरीण
तीन वर्षांच्याला करता येतं गं बरंच काही. टबी टेक्स ऑफ आहे, छोटे छोटे हत्ती गोल फिरत वर-खाली जातात, त्यात आईबाबांबरोबर बसता येतं. मॅजिक कॅरोसेल आहे, घोडे आणि दिवे. माझ्या धाकट्याने त्या घोड्यावरून उतरायलाच नकार दिला होता, खाली उतरवला की परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा. एवढं मोठं पार्क आणि साहेबांना एकच घोडा हवा, तोही निळाच. तर पोराला जे आवडेल त्यावर पाच वेळा बसू दे, "चल आता पुढचं बघू" करत ओढू नकोस. दिवस तिथेच बिघडतो.
आय फॉर इंडियासाठी उंची चालत असेल तर लेकीला नक्की ने, खुर्च्या उचलून मोठ्या पडद्यापुढे नेतात आणि पाय हवेत लोंबकळतात, वरून सगळा भारत दिसतो. चपला मात्र घट्ट पट्ट्याच्या घाल, तिथे दर शोला कुणाचीतरी क्रॉक्स खाली पडते.

हिशेबनीस
मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने. आठ माणसांची तिकिटं, पेट्रोल, टोल, खाणं, हा काही लहान आकडा नाही. एवढा खर्च करून टबीच्या हत्तीवर पाच वेळा बसायचं असेल तर शिवाजी पार्कच्या कोपऱ्यावरचं जंपिंग जॅक काय वाईट आहे? कॉम्बो तिकीट घ्या, अकरापर्यंत मोठ्या राइड मारा, जेवा, दुपारी वॉटर पार्क, संध्याकाळी परत थीम पार्कात येऊन परेड बघा. नीट टाइमटेबल केलं तर सगळं बसतं.

ठाणेकरीण
हिशेबनीस, तुम्ही कधी ओल्या अंगाच्या तीन वर्षांच्या मुलाचे कपडे बदललेत का, चेंजिंग रूममध्ये, ओल्या फरशीवर, एका हातात त्याची चड्डी, दुसऱ्या हातात स्वतःचा टॉवेल आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवतंय?

हिशेबनीस
बायकोने बदललेत.

ठाणेकरीण
तेच म्हटलं.

दोनपोरांचाबाप
खी खी. शिवाय नोव्हेंबरात खोपोलीला दुपार गरम असली तरी ऊन उतरलं की गारवा येतो आणि सहाच्या सुमारास अंधार पडतो. ओलं पोर घेऊन चारनंतर बाहेर आलात की संध्याकाळच्या परेडपर्यंत ते कुडकुडतंय. वॉटर पार्क ही मार्च ते मेची गोष्ट. आणि त्याची तयारी वेगळी, सुती कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, लहानासाठी पाण्यातले डायपर वेगळे, म्हणजे आणखी एक बॅग. आठ माणसांत सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत, मग त्या काठावर बसून सगळ्यांचे मोबाइल आणि चपला सांभाळणार. त्यांच्या तिकिटाचे पैसे कसे वसूल होणार ते हिशेबनीसांनी सांगावं.

आळशी_मांजर
+१ वॉटर पार्क कटाप.
माझं तर मत इतक्या लहान मुलांना तिकडे नेऊच नये. सहाची ठीक आहे, तीनचा काय लक्षात ठेवणारे? कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटात चढवा, राणीच्या बागेत पेंग्विन दाखवा (बुधवारी बंद असते हां), घाटकोपरला आर सिटीत किडझानिया आहे, संपूर्ण एसी. पैसे वाचवून तीन-चार वर्षांनी हाँगकाँगच्या डिस्नीला जा.

परळची_पोर
मांजर, पेंग्विन इतक्यांदा झालेत की आता पेंग्विनच आम्हाला ओळखतात. आणि लक्षात राहण्याचं म्हणशील तर मी फोटो काढते ना, मला राहील की लक्षात. मीही जाणारच आहे ना तिथे :)

जुना_गिरगावकर
आमच्या वेळी एवढं प्लॅनिंग नव्हतं हो. १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, बोरिवलीहून गोराईची नाहीतर मालाडहून मार्व्याची बोट पकडायची. गंमत अशी की पोरांना अर्धी मजा त्या बोटीतच यायची, पाणी उडतंय, समोर पार्क दिसतंय, आणि घरून आणलेली शंकरपाळी कागदात. शाळांच्या सहली वर्षानुवर्षं तिकडेच. पुढे १९९८ ला शेजारी वॉटर किंगडम आलं. आता एस्सेलवर्ल्डला टाळं, तिथून शेजारच्या विपश्यना पॅगोडाचा कळस तेवढा चमकताना दिसतो. इमॅजिका २०१३ चं, अॅडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींनी काढलेलं, २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणींकडे आहे. नातवंडांबरोबर जाऊन आलोय. आता सूनबाई, सासूबाईंबद्दल विचारलंत म्हणून म्हातारा म्हणून सांगतो. राइडमध्ये बसायला गुडघे लागत नाहीत, लागतात ते रांगेत उभं राहायला आणि दोन राइडच्या मधलं अंतर तोडायला. त्यांना सगळीकडे बरोबर ओढू नका आणि एका बाकावर "तुम्ही बसा इथे, आम्ही येतो" म्हणून सोडूनही जाऊ नका, त्या वाक्यानंतर दीड तास कुणी येत नाही. व्हीलचेअर मिळते का ते बुकिंग करतानाच विचारा. बसून बघायचे शो असतात ते दुपारच्या उन्हात ठेवा, तेव्हा सगळेच बसलेले असतात आणि कुणाला आपण म्हातारे वाटत नाही.

परळची_पोर
काका, हे दीड तासाचं अगदी खरं आहे. त्यांना व्हीलचेअर म्हटलं की राग येईल पण "पिशव्या ठेवायला घेतलीये" म्हटलं की चालेल बहुतेक.

बालवाडीताई
मी तीन ते सहाच्या मुलांबरोबरच दिवस काढते त्यामुळे थोडं भीतीबद्दल. सलीमगढ हे भुताचं घर आहे, लहानांना आत नेऊ नका, "काही नसतं रे, खोटं आहे" म्हणून तर अजिबातच नको. या वयात खोटं आहे हे कळलं तरी अंधार खराच असतो. रॅथ ऑफ द गॉड्समध्ये आग, पाणी आणि प्रचंड आवाज आहे, सहा वर्षांची कदाचित टाळ्या वाजवेल, तीनचा कान झाकून तुमच्या मानेत तोंड खुपसेल. डीप स्पेस म्हणजे मिट्ट काळोखातलं रोलर कोस्टर, ते मोठ्यांनी आपापलं बघावं. मुलगी "नको" म्हणाली तर रांगेतून निमूट बाहेर पडायचं, मागच्यांना सॉरी म्हणायचं आणि तो विषय गाडीत परत काढायचा नाही. कितीतरी आईबाबा "एवढा वेळ उभे राहिलो, आता बसायचंच" म्हणून रडतं पोर आत नेतात आणि ते पुढे वर्षभर सोसायटीच्या घसरगुंडीवरही चढत नाही.
दुसरं हरवण्याचं. सकाळी गेटवर तिघांचा पूर्ण उभा फोटो काढा, त्या दिवशीचे कपडे दिसले पाहिजेत, कारण ऐनवेळी "शर्ट कुठल्या रंगाचा" विचारलं की डोकं बंद पडतं. हातावर पेनने फोन नंबर लिहून वर थोडं पारदर्शक नेलपॉलिश लावलं की घामाने जात नाही. आणि मुलाला एकच सूचना द्या, आई दिसली नाही तर जिथे आहेस तिथेच थांब. शोधायला निघालेलं मूल फार पटकन लांब जातं.

परळची_पोर
नेलपॉलिशची आयडिया भारी आहे ताई. बरं, नवऱ्याला नायट्रो आणि डीप स्पेस दोन्ही करायचेत, नणंदेच्या मिस्टरांनाही. मग मी तीन मुलं आणि सासूबाई घेऊन बाहेर उभी?

आळशी_मांजर
डिस्नीवाल्यांनी यावर मस्त सोय केलीये, रायडर स्विच. एक जण राइडला जातो, दुसरा बाळाला घेऊन बाहेर थांबतो, पहिला आला की दुसऱ्याला मुख्य रांग परत लावावी लागत नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्येही तसंच. खोपोलीला दारावरच्याला नम्रपणे विचारून बघ, नाही म्हणाला तर रांग वाचवणारा एक्सप्रेस पास मिळतो तो फक्त मोठ्या राइड करणाऱ्यांसाठी घ्या, आठही जणांसाठी घेऊन पैसे घालवू नका, हत्तीच्या रांगेला कुणाला लागतोय एक्सप्रेस.
आणि नवऱ्याला आधीच सांग, एक त्याची राइड, मग एक तुझी. आमच्याकडे ही वाटणी हायवेवर होते, पार्कात गेल्यावर कुणी ऐकत नाही.

हिशेबनीस
एक्सप्रेस पास दोघा-तिघांनाच, हे पटलं. हा मुद्दा मी लिहून ठेवतो.

खोपोलीकर
मी इथलाच, त्यामुळे रस्त्याचं मी बोलतो. परळहून निघताय तर शिवडीवरून अटल सेतू धरा, चिर्लेला उतरून पळस्प्याकडून एक्सप्रेसवेला लागा. सेतूचा टोल जड वाटेल, पण सकाळी सकाळी चेंबूर-वाशीत अडकलात तर पोरं पनवेलच्या आतच "आलं का" सुरू करतील. घाटात चढायचं नाहीये तुम्हाला, आधीच खोपोली-पालीच्या बाजूला उतरायचंय, म्हणून जाताना घाटातल्या ट्रॅफिकचा तेवढा त्रास नाही. त्रास येताना. रविवारी संध्याकाळी आख्खं लोणावळा आणि अर्धं पुणे मुंबईकडे उतरत असतं आणि तुम्ही त्याच वेळी त्यात शिरता. शनिवार-रविवार टाळाच, तिकिटाचे दरही वाराप्रमाणे बदलतात.
दिवाळीचं अजून एक, पाडवा-भाऊबीज झाली की लगेचच्या दिवसांत तुफान गर्दी, कारण सगळ्यांकडे पाहुणे आलेले असतात आणि सगळ्यांना तीच कल्पना सुचते. इंग्रजी बोर्डाच्या बऱ्याच शाळा लवकर उघडतात, आपल्या स्टेट बोर्डवाल्यांची सुट्टी पुढे चालू असते. तो जो मधला आठवडा मिळतो ना, त्यातला सोमवार-मंगळवार-बुधवार बघा.
गाडी नसलेल्यांसाठी, खोपोलीपर्यंत लोकल येते पण कर्जतच्या पुढे गाड्या मोजक्या, एक चुकली की बसा. तीन वर्षांच्या मुलाबरोबर तो उद्योग नको.

ठाणेकरीण
खाण्याचं राहिलं. बाहेरचं आत नेऊ देत नाहीत पण बाळाचं खाणं अडवत नाहीत, तरी तीन वर्षांच्याचं बाळात मोडतं का ते आधी फोन करून विचार. तिथे बरेच पर्याय आहेत, पण एक ते दोनमध्ये सगळं पार्क एकदम जेवायला येतं. तू साडेअकरालाच जेवायला बसव. म्हणजे बाकीचे जेवत असतात तेव्हा तुमच्याकडे रिकाम्या रांगा आणि मग पिल्लाची झोप. स्ट्रोलर घेऊन जा, तीन वर्षांचा म्हणजे मोठा झाला असं वाटतं पण दुपारी दोनला तो मोठा नसतो. एक पातळ ओढणी वरून टाकायला ठेव, ऊनही अडतं आणि दिवेही दिसत नाहीत. सासूबाई आणि झोपलेलं पिल्लू एसी हॉटेलात किंवा सावलीत, त्या दीड तासात तुम्ही बाकीचे मोकळे. दोघांचीही सोय.

खोपोलीकर
येताना-जाताना भूक लागली तर गावात रमाकांतचा वडा आहे, चुकवू नका. आणि सासूबाई बरोबर आहेत तर सांगतो, महडचा वरदविनायक इथून अगदी जवळ आहे, अष्टविनायकातला. तिथला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. पालीचा बल्लाळेश्वर पण याच रस्त्याने पुढे पाऊण तासाच्या आसपास. पार्क खोपोली-पाली रोडवरच आहे ना.

परळची_पोर
अरे हे कुणी आधी का नाही सांगितलं! मघाशी सासूबाईंना नुसतं वाचून दाखवलं, गुडघे एकदम बरे झालेत. पण मग एका दिवसात कसं बसवायचं?

जुना_गिरगावकर
एका दिवसात बसवूच नका. आदल्या दुपारी निघा, पाली करा, रात्री मुक्काम, सकाळी ताज्या पायांनी पार्क. पार्कला लागूनच हॉटेल आहे, नाहीतर खोपोलीत साधी लॉज मिळतात. देव आधी, म्हणजे सूनबाई, दुसऱ्या दिवशी सासूबाई कुठेही बसायला तयार असतील.

हिशेबनीस
मुक्कामाचा खर्च वाढला.

दोनपोरांचाबाप
वॉटर पार्कचे वाचले की. वजाबाकी करा.

परळची_पोर
ओके, नवऱ्याशी चर्चा झाली (चर्चा म्हणजे मी बोलले). तर असं ठरतंय. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात सोमवारी दुपारी जेवून सेतूवरून निघायचं, पिल्लू गाडीतच झोपेल, थेट पाली, दर्शन, रात्री खोपोली. मंगळवारी पार्क उघडायच्या आधी गेटवर. सुरुवातीला नवरे आणि त्यात बसत असेल तर भाचा नायट्रोला, त्यांचे दोन एक्सप्रेस पास, भाच्याचा टेप लावल्यावर ठरेल. आम्ही बायका-पोरं हत्ती आणि घोडे. साडेअकराला जेवण. मग सासूबाई आणि पिल्लू आराम, बाकीचे आय फॉर इंडिया, अलीबाबा आणि पाण्यात भिजवणारी स्प्लॅश अहॉय या राइड, एकेक जादा शर्ट बरोबर. संध्याकाळी सगळे परेडला एकत्र. परेड संपली की लगेच सुटायचं, मंगळवार असल्याने हायवे बरा असेल. महड येताना जमलं तर. वॉटर पार्क मे महिन्यात, नवऱ्याने तेवढं वदवून घेतलं.

बालवाडीताई
छान आहे. फक्त परेड संपेपर्यंत थांबायचा हट्ट नको, धाकटा कंटाळला तर कुणीतरी एकाने त्याला घेऊन आधी बाहेर पडायचं, हे कोण ते आत्ताच ठरवा.

परळची_पोर
ठरलं, नणंदेचे मिस्टर. त्यांना अजून माहीत नाही.

खोपोलीकर
पार्कात त्या दिवशी कुठली राइड मेंटेनन्सला बंद आहे ते सकाळी बघून घ्या, पोरांना नावानिशी काही कबूल करण्याआधी.
आणि थांबा, मंगळवार म्हणालात? कालनिर्णय काढा आधी. त्या दिवशी संकष्टी पडत असेल तर ती अंगारकी, मग महडला रांग रस्त्यापर्यंत येते आणि पालीला आदल्या रात्रीपासूनच लोक.

परळची_पोर
देवा. बघते थांबा.

परळची_पोर
बघितलं, मंगळवारी नाहीये, नंतर आहे. सासूबाई मात्र म्हणतायत असती तर बरं झालं असतं, अंगारकीला दर्शन घडलं असतं. त्यांना पार्क आहे हे आता आठवतंय की नाही देव जाणे.

आळशी_मांजर
पालीला देवळाबाहेरच्या दुकानांत पोह्याचे पापड आणि मिरगुंडं मिळतात. मला दोन पाकिटं आण ना, दादरला येऊन घेऊन जाईन. पैसे तिथेच देते.

हिशेबनीस
मला कडवे वाल, एक किलो. भाव आधी विचारून कळवा.